जोतं किती उंच? किनाऱ्यावरच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीचा आढावा

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरपासून खाली दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि घरांवरची कौलं, पत्रे गेले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आणि सावित्रीचं महाडात शिरलं. तेरा-चौदा महिन्यांत असे तीन मार बसल्यावर किनाऱ्यावरच्या गावांत एक प्रश्न घरोघर आला, आणि तो अजून सुटलेला नाही. आजोबांनी बांधलेलं चिरेबंदी घर आहे तसं दुरुस्त करायचं, उंच करायचं, की पाडून स्लॅबचं बांधायचं?

सल्ला बहुतेक वेळा एकच मिळतो: उंच करा. जॅक लावून अख्खं घर चार फूट उचलल्याची चित्रफीत कुणीतरी मोबाइलवर दाखवतं. मुंबई-पुण्याचे भाऊ पैसे गोळा करायची तयारी दाखवतात. गावाकडचा भाऊ मात्र गप्प असतो, कारण पाणी नेमकं कुठून येतं हे त्याला ठाऊक असतं. या लेखाचा सगळा भर त्याच प्रश्नावर आहे. किती उंच करायचं हे ठरवण्याआधी कशापासून उंच करायचं हे ठरवावं लागतं.

किनाऱ्यावरच्या घरात पाणी चार वाटांनी येतं. एक छपरातून. दुसरं जमिनीतून, भिंतीत चढणारी ओल होऊन. तिसरं अंगणातून, म्हणजे व्हाळ तुंबला, खाडीला उधाण होतं आणि वरून पाऊस कोसळत होता अशा दिवशी. चौथं थेट समुद्रातून, लाटेचं. यांतल्या फक्त तिसऱ्या पाण्यावर घर उंच करणं हा सरळ इलाज आहे. पहिल्यावर तो मुळीच नाही, दुसऱ्यावर अर्धामुर्धा आहे, आणि चौथ्यावर बहुतेक ठिकाणी तो नुसता समज आहे. कोकणातल्या घरांचं गेल्या काही वर्षांतलं नुकसान आठवून पाहा. निसर्गमध्ये समुद्रकाठच्या बहुतेक घरांचं जोतं जागेवर होतं, गेलं ते छप्पर. चिपळूण-महाडात उलट झालं, तिथे पाणी नदी-खाडीचं होतं. दोन्ही घरांना एकच औषध लागू पडणार नाही.

हे जुन्या गवंड्यांना कळत होतं. कोकणातलं जुनं घर मुळात उंचावरच असतं. अंगणातून ओटीवर जायला तीन-चार पायऱ्या, पडवी त्याहून थोडी खाली, माजघर किंचित वर. जोतं चिऱ्याचं, आत मातीची भर, वर चोपणं आणि शेणाचं सारवण. चिरा म्हणजे जांभा दगड, खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक होणारा. तो पाणी शोषतो आणि ऊन पडलं की सोडतो. भिंत चिखलात किंवा चुन्यात रचलेली. वळचण दोन-अडीच हात पुढे आलेली, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. घर पुळणीवर नाही, पुळणीमागच्या वाडीच्याही मागे. आधी वाळू, तिच्यावर मर्यादवेल आणि केवडा, मग नारळ-पोफळ, मग विहीर, मग घर. समुद्र जिथवर आपली मर्यादा सांभाळतो, तिथवर वाढणारी ती मर्यादवेल. समुद्राकडे तोंड करून खिडकीतून लाटा बघायच्या ही हौस त्या घरांना नव्हती. आज ‘सी-व्ह्यू’साठी समोरची वाडी तोडली जाते तेव्हा घराचा पहिला बंधारा तोडला जातो, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे.

घरं उचलण्याची मोठी परंपरा आहे ती अमेरिकेत, आणि तिच्याकडे नीट पाहिल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. टेक्सासच्या किनाऱ्यावरचं गॅल्व्हस्टन हे बेटावरचं शहर. 8 सप्टेंबर 1900 च्या वादळात तिथे किमान सहा हजार, अनेकांच्या अंदाजाने आठ हजार माणसं मेली. शहरातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्या आत होती आणि पाणी पंधरा फुटांवर चढलं. शहराने आधी सतरा फूट उंचीची समुद्रभिंत बांधली आणि मग भिंतीमागची जमीनच वर उचलली. पुढची काही वर्षं दोन हजारांवर इमारती जॅकवर चढवून त्यांच्याखाली समुद्रातून उपसलेली वाळू भरत होते. सेंट पॅट्रिक चर्च सुमारे तीन हजार टनांचं. ते सातशे जॅकवर पाच फूट उचललं. लोक त्या काळात उंच फळ्यांच्या वाटांवरून चालत. दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. भरावाचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला, पण आपलं घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने केला. आणि त्या खाऱ्या भरावाखाली शहरातली झाडं, बागा मेल्या, पुन्हा नव्याने लावाव्या लागल्या. ज्यांच्या अंगणात पोफळी आहेत त्यांनी ही दुसरी गोष्ट विसरू नये. 1915 साली पुन्हा मोठं वादळ आलं तेव्हा शहरात फार थोडे बळी गेले. म्हणजे उपाय खरा ठरला, पण तो एका घराचा उपाय नव्हता. अख्ख्या शहराची जमीन आणि भिंत मिळून तो झाला होता.

आजच्या अमेरिकेत हे काम पूरविम्याच्या नियमांतून चालतं. 1968 पासून तिथे राष्ट्रीय पूरविमा आहे. कोणत्याही एका वर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराची पातळी नकाशावर आखलेली असते. जुन्या घराची दुरुस्ती त्याच्या बाजारभावाच्या निम्म्याला पोहोचली की ते नव्या नियमांत येतं आणि त्याला त्या पातळीच्या वर जावंच लागतं. लाटांच्या पट्ट्यात घर खांबांवर हवं, सर्वांत खालची आडवी तुळई पूरपातळीच्या वर हवी, आणि खाली भिंत घातलीच तर लाटेच्या धक्क्याने सुटून जाईल अशीच. ऑक्टोबर 2012 मधल्या सँडी वादळानंतर न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ओळीने घरं खांबांवर चढली. तिथल्या राज्याने घरमालकांना दीड लाख डॉलरपर्यंत अनुदान दिलं. आपल्याकडे या साखळीतला एकही दुवा नाही. घराच्या पातळीवरचा पूरनकाशा नाही, विमा क्वचित, अनुदान नुकसानीनंतरच. आपण फक्त साखळीचं शेवटचं टोक, म्हणजे जॅक, उचलून आणतो.

दुसरा फरक घराचाच. न्यू जर्सीचं घर लाकडी सांगाड्याचं. खालून पोलादी तुळया सरकवल्या की ते पेटीसारखं एकसंध वर येतं. आपलं घर तसं नाही. हिशेब करून पाहू. बारा मीटर लांब, नऊ मीटर रुंद घर. बाहेरच्या आणि आतल्या भिंती मिळून साठ मीटर धरू, उंची तीन मीटर, जाडी चाळीस सेंटिमीटर. दगड बहात्तर घनमीटर झाला, आणि घनमीटरला दोन टनांच्या हिशेबाने वजन दीडशे टनांच्या घरात गेलं. छप्पर वेगळंच. वजनाची भीती नाही, दीडशे टन उचलणारे जॅक आहेत. भीती आहे ती चिरा चिऱ्याला धरून नसण्याची. चिखलात रचलेली भिंत वरून दाबलेली असते तोवर उभी असते. तिला खालून एका जागी अर्धा इंच जास्त रेटा बसला की सांधे उघडतात.

आपल्या देशात घरं उचलली जात नाहीत असं मात्र नाही. चेन्नईत, केरळात, विशेषतः 2018 च्या पुरानंतर, हरियाणातून येणाऱ्या कारागिरांच्या टोळ्यांनी हे काम भरपूर केलं आहे. पद्धत साधी आणि कष्टाची आहे. भिंतीखाली थोडं थोडं खणून लोखंडी चॅनेल आणि जॅक बसवायचे. सगळ्या भिंतींखाली ओळ पूर्ण झाली की पाया आणि भिंत वेगळी करायची. मग एका हाकेवर सगळ्यांनी सारखा फेरा द्यायचा आणि पाण्याच्या नळीने पातळी तपासत राहायचं. हवी ती उंची आली की खालची पोकळी विटांनी बांधून काढायची आणि एकेक जॅक सोडवायचा. विटा-सिमेंटच्या, वर स्लॅब असलेल्या घराला हे मानवतं, कारण स्लॅब सगळ्या भिंतींना बांधून ठेवतो. चिऱ्याच्या कौलारू घराला हे करायचं तर आधी छप्पर उतरवावं लागतं, भिंतीच्या बुडाशी आणि माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतावा लागतो, पोट सुटलेल्या भिंती उतरवून पुन्हा रचाव्या लागतात. इतकं झाल्यावर उचलायला जुनं घर उरतं किती, हे स्वतःला विचारावं. माझं मत असं की, चिखलातल्या भिंतींचं घर जॅकवर चढवू नये. चुन्यात पक्कं बांधलेलं असेल आणि पाणी खरोखर दर दोन-तीन वर्षांनी ओटीवर येत असेल, तरच संरचना अभियंत्याला दाखवून विचार करावा.

मधला मार्ग बहुतेकांना पुरतो. आतली जमीन फूट-दीड फूट वर घ्यायची, दाराच्या चौकटी तेवढ्या वर सरकवायच्या, माळा असेल तर त्याची उंची आधी मोजून पाहायची. भर चिऱ्याच्या चुरीची किंवा मुरुमाची घालावी. पुळणीची वाळू कधीच नको. ती उपसणं बेकायदा आहेच, शिवाय तिच्यातलं मीठ पुढची तीस वर्षं भिंतीतून बाहेर येत राहील. अंगण मात्र भरू नये. अंगण भरलं की पाणी शेजाऱ्याच्या खळ्यात जातं, पुढच्या वर्षी तो भरतो, आणि मग पाखाडीचा ओहोळ होतो. अनेक गावांत घर खाली गेलेलं नाही, रस्ता वर आला आहे. डांबराचे थर एकावर एक चढत गेले आणि दोन पायऱ्या उंच असलेली ओटी रस्त्याच्या पातळीला आली. तिथे घर उचलण्यापेक्षा ग्रामपंचायतीत जाऊन गटार आणि मोरी मागून घेणं जास्त फायद्याचं आहे. विहिरीचा कठडा आणि शौचालयाची टाकी यांचाही विचार त्याच वेळी करावा. वाळूच्या जमिनीत पावसाळ्यात भूजल हात-दोन हातांवर येतं आणि शोषखड्ड्याचं पाणी सरळ विहिरीत उतरतं.

आता छप्पर. निसर्गने दाखवून दिलं की आपल्या किनाऱ्यावर पैसे आधी इथे घालायला हवेत. वारा छपराला ढकलतो त्यापेक्षा जास्त वर ओढतो. ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 68 किलो भरतो, आणि आढ्याजवळ, वळचणीच्या कडांना ती ओढ एवढी किंवा त्याहून जास्त होऊ शकते. मंगळुरी कौल अडीच किलोचं धरलं तर चौरस मीटरवर चाळीसेक किलो वजन बसतं. पत्र्याचं वजन त्या मानाने काहीच नाही. म्हणून कौलं कडांना आणि आढ्याला उडतात, मधली बरीचशी राहतात. पत्रा मात्र एकदा सुटला की ओळच्या ओळ रिपांसकट घेऊन जातो. उघड्या पडवीत वारा खालूनही शिरतो, त्यामुळे पडवीचं छप्पर पहिलं जातं. गळती नको म्हणून कौलं काढून पत्रे घालणाऱ्या प्रत्येकाने हे वजनाचं गणित एकदा मनाशी करावं.

इलाज महाग नाहीत. वासे भिंतीवरच्या लाकडी पट्टीला आणि ती पट्टी भिंतीत खोलवर पोलादी पट्टीने बांधली पाहिजे. जुन्या घरात छप्पर नुसत्या वजनाने बसलेलं असतं, ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. आढ्याची आणि कडेच्या दोन-तीन ओळींची कौलं तारेने किंवा स्क्रूने रिपांना बांधावीत. पडवीचा सांगाडा मुख्य छपरापासून वेगळा ठेवावा, म्हणजे ती गेली तरी माजघरावरचं छप्पर शाबूत राहील. पत्रे घालायचेच असतील तर कडांना बोल्ट दुप्पट आणि गंजणार नाहीत असे. चौपाखी छप्पर दोन पाख्यांच्या छपरापेक्षा वाऱ्याला चांगलं तोंड देतं, नव्याने उभारायचं असेल तर तेच घ्यावं. आणि घरावर झुकलेला नारळ, कितीही जुना असला तरी, उतरवून घ्यावा. दरवर्षीची शाकारणी आपण बंद केली हेही एक कारण आहे. कौलं परतताना सुताराची नजर वाशांवरून फिरत असे, वाळवी लागलेला वासा तेव्हाच बदलला जाई.

‘पाडून स्लॅबचं बांधा’ हा सल्ला देणाऱ्यांनी किनाऱ्यावरची तीस वर्षांची स्लॅबची घरं खालून वर बघावीत. पोपडे सुटलेले, सळया उघड्या, बीमला लांब चीर. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून सळीपर्यंत पोहोचलं की सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. भारतीय मानक 456 ने किनाऱ्याच्या हवेला उघडं असलेलं काँक्रीट ‘तीव्र’ गटात धरलं आहे. त्यासाठी किमान एम-30 दर्जा आणि सळीवर 45 मिलिमीटरचं आवरण सांगितलं आहे. गावात घमेल्याने मोजून कालवलेल्या काँक्रीटमध्ये यातलं किती सापडतं हे बांधकाम पाहिलेल्या कुणालाही विचारा. घर खांबांवर चढवायचं तर हे सगळं दुपटीने लागू होतं, कारण मग अख्खं घर त्या खांबांवरच उभं असणार. चिऱ्याची भिंत शंभर वर्षं मीठ पचवते, तिला सळीच नाही.

तिच्यावर सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. जमिनीतून चढलेली ओल पूर्वी भिंतीच्या अंगातून वाळून जात असे. सिमेंटने ती वाट बुजते, ओल आणखी वर चढते, लोणा लागतो आणि पाच-सहा पावसाळ्यांत गिलावा दगडाचा पापुद्रा घेऊन सुटतो. मग पुन्हा सिमेंट. या फेऱ्यात चांगल्या भिंती खलास झालेल्या आहेत. चुन्याचा गिलावा करावा, किंवा चिरा उघडा ठेवून सांधे चुन्याने भरावेत. चुन्याचं काम करणारे गवंडी कमी झालेत, पण संपलेले नाहीत.

कायद्याची बाजू लोक सर्वांत शेवटी बघतात, ती पहिली बघायला हवी. 19 फेब्रुवारी 1991 ला सागरी किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली, मग 2011 ची आणि आता 2019 ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध. 2019 च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा 50 मीटरवर आली. 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2,161 हून जास्त लोकसंख्या ही त्याची कसोटी. या पट्ट्यातल्या जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण चटईक्षेत्र, जोत्याचं क्षेत्र आणि घनता यांत वाढ होता कामा नये. मजकुरात शब्द ‘जोत्याचं क्षेत्र’ असा आहे. जोतं वर घेतल्याने क्षेत्र वाढत नाही असं माझं वाचन आहे. खांबांवर घर चढवून खाली खोल्या काढल्या की ते वाढतं, आणि पर्यटकांसाठी खोल्या काढण्याचा मोह तिथेच असतो. घर 1991 पूर्वीचं असल्याचा घरपट्टीचा जुना उतारा आजच काढून ठेवा आणि परवानगी लेखी घ्या. सातबाऱ्यावर किंवा आठ-अवर वीस-पंचवीस नावं असतील तर सहहिस्सेदारांची संमतीही त्याच वेळी. कित्येक घरं वादळाने पडत नाहीत, सह्या जमत नाहीत म्हणून पडतात.

राहिला समुद्र. 2006 ते 2018 या काळात जगभरात समुद्राची सरासरी पातळी वर्षाला 3.7 मिलिमीटरने वाढली. आकडा लहान वाटतो, पण सपाट पुळणीवर पाणी उभं चढतं त्यापेक्षा कितीतरी जास्त आत सरकतं. मालवणजवळ देवबागला एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये अरुंद वाळूची पट्टी. तिथल्या माणसांना धूप म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. अशा ठिकाणी खांबांवरचं घर वाचत नाही. अमेरिकेतच उत्तर कॅरोलिनात रोडँथे नावाचं गाव आहे. तिथली घरं उंच लाकडी खांबांवर होती. 2020 पासून त्यांतली एकामागून एक समुद्रात कोसळत आहेत, कारण खांबांखालची पुळणच निघून गेली. त्याच किनाऱ्यावरचं केप हॅटेरस दीपगृह वाचलं, कारण 1999 मध्ये ते उंच न करता 2,900 फूट मागे हलवलं. ज्या घरापुढची वाडी उधाणात दरवर्षी ओळीने पडते आहे, त्या घरावर उंचीसाठी एक रुपयाही घालू नये. चौकटी, खांब, तुळया, चिरे उतरवावेत आणि मागच्या जागेत तेच घर पुन्हा उभारावं. जांभा आणि सागवान दोन्ही पुन्हा वापरता येतात.

तेव्हा क्रम माझ्या मते असा: आधी छप्पर बांधून घेणं, मग पाण्याला वाट, मग भिंतींचा चुना, मग गरज असेल तर आतली जमीन. घर उचलणं सर्वांत शेवटी, आणि समुद्र दारात आला असेल तर ते मुळीच नाही, मागे सरकणंच.

हे सगळं ठरवायला एक गोष्ट लागते ती गावोगाव सहज मिळू शकते आणि कुणीच जपत नाही. या पावसाळ्यापासून, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि मोठ्या पावसाच्या दिवशी पाणी जोत्यावर कुठवर आलं त्याची गेरूने खूण करा आणि शेजारी तारीख घाला. पुळणीवरच्या शेवटच्या सुरूच्या झाडापासून पाण्यापर्यंतचं अंतरही दर नारळी पौर्णिमेला पावलांनी मोजून वहीत लिहा. तीन पावसाळ्यांच्या खुणा जमल्या की मगच जॅकवाल्याला फोन करा.